जगप्रदक्षिणेची विमानं: आधी व्हिसा, मग दिशा, तिकीट त्यानंतर

मुंबईहून निघायचं, अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे आणि पुन्हा मुंबईत उतरायचं, असं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी तिकिटांच्या साइट उघडतात. घोळ तिथूनच सुरू होतो. तिकीट स्वस्तात मिळतं, पण त्या तारखांना व्हिसा चालू नसतो. नुसतं विमान बदलायला ज्या देशात उतरायचं, त्याचाही व्हिसा लागतो हे काउंटरवर कळतं. चार कंपन्यांनी काही न बोलता घेतलेली हँडबॅग पाचवी कंपनी वजनकाट्यावर ठेवायला लावते.

पुढच्या पायऱ्या भारतीय पासपोर्टवर, पाच-सहा किंवा जास्त कंपन्यांच्या विमानांनी फिरणाऱ्यांसाठी आहेत. त्या दिलेल्या क्रमानेच घ्या. यातली एखादी पायरी पुढे-मागे केली की तिकीट बदलण्याचे पैसे पडतात, आणि ते थोडेथोडके नसतात.

## 1. पासपोर्ट आणि नाव

पासपोर्टची मुदत शेवटच्या देशातून निघण्याच्या तारखेनंतर किमान 6 महिने उरली पाहिजे. मुंबईहून निघण्याच्या तारखेपासून मोजू नका. प्रवास आठ महिन्यांचा असेल तर हिशेब चुकतो. कोरी पानंही मोजा. काही देशांना दोन सलग कोरी पानं लागतात, आणि काही व्हिसा अख्खं पान खातात. पासपोर्ट नवा काढायचाच असेल तर 36 ऐवजी 60 पानांचा घ्या. साध्या प्रक्रियेत फी 1,500 ऐवजी 2,000 रुपये होते, एवढाच फरक.

नावाचा भाग मात्र नीट वाचा, कारण मराठी नावांचा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. तिकिटावर नाव तसंच्या तसं गेलं पाहिजे. विमान कंपनीची यंत्रणा दोन नावं चिकटवते आणि पुढे संबोधनही जोडते, त्यामुळे तिकिटावर ‘पाटील/राहुलसुरेशमिस्टर’ असं काहीतरी दिसतं. ती चूक नव्हे, सोडून द्या. चूक तेव्हा होते, जेव्हा एका तिकिटावर मधलं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि तिसरं तिकीट लग्नाआधीच्या आडनावाने काढलेलं असतं.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर प्रत्येक कंपनी तो वेगळ्या पद्धतीने भरते. कुणी नाव दोनदा लिहितं, कुणी आडनावाच्या जागी ठरावीक अक्षरं टाकतं. सात कंपन्यांशी सात वेळा वाद घालण्यापेक्षा निघण्याआधी आडनाव घालून पासपोर्ट नव्याने काढून घेणं सोपं. एकनावी पासपोर्टवर काही देशांचे व्हिसाही अडतात.

तपासणी: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी ज्या दोन सांकेतिक ओळी असतात, त्यातलं स्पेलिंग एका कागदावर उतरवून ठेवा. पुढचं प्रत्येक बुकिंग त्या कागदावरून करा, आठवणीतून नको.

## 2. व्हिसांचा क्रम लावा

देशांची यादी तीन गटांत पाडा. पहिल्या गटात पासपोर्ट जमा करावा लागणारे व्हिसा: अमेरिका, ब्रिटन, शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा). दुसऱ्यात पासपोर्ट हातात राहून ऑनलाइन होणारे: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. तिसऱ्या गटात फक्त विमान बदलण्यासाठी लागणारे ट्रान्झिट व्हिसा. हा तिसरा गट यादीतून नेहमी सुटतो.

पासपोर्ट एका वेळी एकाच दूतावासाकडे जाऊ शकतो, म्हणून पहिल्या गटाला रांगेत उभं करावं लागतं. अमेरिकेचा व्हिसा सगळ्यात आधी. मुलाखतीच्या तारखेची वाट लांब असते, पण बी1/बी2 (व्यवसाय-पर्यटन) व्हिसा साधारणपणे 10 वर्षांचा मिळतो, त्यामुळे लवकर काढल्याने काही वाया जात नाही. ब्रिटनच्या पर्यटन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त 3 महिने आधी अर्ज करता येतो आणि शेंगेनसाठी 6 महिने आधी. जपानचा एकवेळ प्रवेशाचा पर्यटन व्हिसा जारी झाल्यापासून 3 महिनेच चालतो.

या एका आकड्यावर अख्ख्या प्रवासाची दिशा फिरते. मुंबईहून पश्चिमेला निघालात आणि युरोप-अमेरिका करत चौथ्या महिन्यात टोकियोला पोचणार असाल, तर निघण्याआधी काढलेला जपानचा व्हिसा तोवर मेलेला असतो. आणि वाटेत, परक्या देशात पर्यटक म्हणून असताना, नवा व्हिसा मागणं बहुधा जमत नाही. अर्ज स्वतःच्या राहत्या देशातूनच करावा लागतो. अशा वेळी जपान सुरुवातीला ठेवा, म्हणजे पूर्वेकडे निघा.

ट्रान्झिटबद्दल तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

अमेरिकेत ‘आत न शिरता विमान बदलणं’ हा प्रकारच नाही. दोन तासांसाठी उतरलात तरी इमिग्रेशन पार करावं लागतं, म्हणून व्हिसा हवाच. कॅनडात 48 तासांच्या आतल्या ट्रान्झिटलाही भारतीयांना व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज करावाच लागतो. लंडनमध्ये विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो, मात्र अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट मिळते. अमेरिकेचा व्हिसा आधी काढण्याचं हे दुसरं कारण.

युरोपातल्या विमानतळांचे ट्रान्झिट नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलत असतात. ब्लॉग किंवा व्हॉट्सअॅपवरच्या यादीवर विसंबू नका. चेक-इन काउंटरवरचा माणूस ‘टिमॅटिक’ नावाची नोंदवही पाहून तुम्हाला विमानात घ्यायचं की नाही ते ठरवतो. तीच माहिती आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या ट्रॅव्हल सेंटरवर आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर पाहता येते. बुकिंगच्या आधी एकदा आणि उड्डाणाच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा.

सावधान: ब्राझील, पेरू किंवा आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या (यलो फीव्हर) पट्ट्यातून भारतात परतणार असाल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिथल्या तारखा लवकर भरतात.

## 3. दिशा ठरवा

व्हिसांचं गणित झाल्यावर बाकीच्या गोष्टी पाहा. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि शरीर ते सहज पेलतं. पूर्वेकडे जाताना दिवस आखडतो, झोपेची वेळ येते पण झोप येत नाही. म्हणून सलग तीन-चार लांब उड्डाणं असतील तर पश्चिमेची दिशा सुखाची. उड्डाणांमध्ये आठ-दहा दिवसांचे मुक्काम असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

तारीखरेषेचा हिशेब मात्र कागदावर करा. पश्चिमेकडे जाताना, लॉस एंजेलिसहून 10 तारखेच्या रात्री निघालेलं विमान ऑकलंडला 12 तारखेच्या सकाळी उतरतं. 11 तारीख तुमच्या वाट्याला येतच नाही. उलट दिशेने, ऑकलंडहून 10 तारखेच्या संध्याकाळी निघालेलं विमान 10 तारखेच्याच दुपारी लॉस एंजेलिसला पोचतं. हॉटेल चुकीच्या रात्रीचं बुक होणं हा याचा ठरलेला परिणाम. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे ‘+1’ किंवा ‘+2’ छापलेलं असतं, ते पाहूनच हॉटेल घ्या.

पॅसिफिकचं तोंडही अरुंद आहे. उत्तर पॅसिफिकवर टोकियो-लॉस एंजेलिससारखी रोजची भरपूर विमानं आहेत. दक्षिण अमेरिकेतून थेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे जाणारी मोजकीच, आणि तीही सँटियागोभोवती एकवटलेली. मार्गात दक्षिण अमेरिका हवी असेल तर आधी ही एक उडी निश्चित करा आणि बाकीच्या तारखा तिच्या मागे-पुढे बसवा.

## 4. एकच तिकीट की सुटी तिकिटं?

जगप्रदक्षिणेची तिकिटं विमान कंपन्यांचे संघ विकतात. वनवर्ल्डच्या ‘एक्सप्लोरर’ तिकिटाचं भाडं तुम्ही किती खंडांत जाता त्यावर ठरतं आणि त्यात जास्तीत जास्त 16 टप्पे बसतात. स्टार अलायन्सचं भाडं एकूण मैलांच्या पट्ट्यांवर ठरतं आणि त्यात 15 पर्यंत मुक्काम घेता येतात. दोन्हींत अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, दिशा एकच ठेवायची, आणि जास्तीत जास्त एका वर्षात परत यायचं.

एक्सप्लोररमध्ये लोक दोन ठिकाणी फसतात. न्यूयॉर्कला उतरून पुढे रेल्वेने गेलात आणि लॉस एंजेलिसहून विमान धरलंत, तर मधला जमिनीवरचा प्रवासही 16 पैकी एक टप्पा खातो. दुसरं, त्यांचा खंड म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला खंड नव्हे. मध्यपूर्वेतले देश युरोपात धरतात, आणि इजिप्त, मोरोक्कोही त्यातच. त्यामुळे कैरोला गेल्याने आफ्रिका खंड लागत नाही, हा फायदाही करून घेता येतो. एकेका खंडात साधारण 4 उड्डाणं मिळतात, उत्तर अमेरिकेत 6.

साधं उदाहरण घ्या: मुंबई-लंडन ब्रिटिश एअरवेज, लंडन-न्यूयॉर्क आणि न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस अमेरिकन एअरलाइन्स, लॉस एंजेलिस-टोकियो जपान एअरलाइन्स, टोकियो-हाँगकाँग आणि हाँगकाँग-मुंबई कॅथे पॅसिफिक. तीन खंड, सहा टप्पे, चार कंपन्या. एवढाच प्रवास असेल तर सुट्या तिकिटांचा हिशेबही मांडून पाहा, ती बहुतेकदा स्वस्त पडतात. टप्पे दहाच्या वर गेले, दक्षिण गोलार्ध आला, किंवा तारखा बदलण्याची शक्यता असली, की संघाचं तिकीट परवडू लागतं.

संघ निवडताना आजची सदस्ययादी पाहा, जुन्या लेखांतली नको. दक्षिण अमेरिकेतली लाटाम 2020 मध्ये वनवर्ल्डमधून बाहेर पडली आणि स्कँडिनेव्हियाची एसएएस 2024 मध्ये स्टार सोडून स्कायटीम या तिसऱ्या संघात गेली. फिजी एअरवेज वनवर्ल्डची पूर्ण सदस्य 2025 मध्ये झाली. एअर इंडिया 2014 पासून स्टारमध्ये आहे. इंडिगो यातल्या कोणत्याच संघात नाही, त्यामुळे नागपूर किंवा गोव्याहून मुंबईला येणारं इंडिगोचं विमान या तिकिटात बसणार नाही.

कर वेगळे मोजा. लंडनला 24 तासांपेक्षा जास्त थांबलात की पुढच्या उड्डाणावर ब्रिटनचा प्रवासी कर लागतो आणि बिझनेस क्लासला तो आणखी वाढतो. 24 तासांच्या आत निघालात तर लागत नाही. मुक्काम आणि ट्रान्झिट यांच्यातली सीमारेषा आंतरराष्ट्रीय तिकिटांवर साधारण हीच, 24 तास.

विमान कंपन्या साधारण 11 महिने पुढचीच वेळापत्रकं उघडतात. वर्षभराच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा त्यामुळे आज बुक होत नाही. जी शेवटची तारीख उपलब्ध असेल ती घाला आणि नंतर पुढे ढकला. तारीख बदलणं सहसा सोपं असतं. शहर बदललं की तिकीट नव्याने काढावं लागतं, त्यासाठी शुल्क पडतं आणि करही पुन्हा मोजले जातात.

सावधान: या तिकिटांवर कोणताही टप्पा न सांगता गाळू नका. बोस्टनहून न्यूयॉर्कला विमानाऐवजी बसने गेलात, तर यंत्रणा तुम्हाला गैरहजर धरते आणि पुढचे सगळे टप्पे रद्द करते. गाळायचाच असेल तर उड्डाणाच्या आधी फोन करून तो टप्पा काढून घ्या.

## 5. विमान बदलण्याची वेळ

एका तिकिटावरची जोडणी चुकली तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीचं काम. सुट्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीला तुमच्या उशिराशी काही देणंघेणं नाही. तिच्या लेखी तुम्ही वेळेवर आला नाहीत, बस्स. म्हणून सुट्या तिकिटांमध्ये त्याच विमानतळावर किमान 5 तास ठेवा, आणि पुढचं विमान लांब पल्ल्याचं असेल तर एक रात्र. हॉटेलचा खर्च बुडालेल्या तिकिटापेक्षा कमीच असतो.

सुट्या तिकिटांत आणखी एक खाच आहे. सामान पुढच्या कंपनीकडे आपोआप जात नाही. ते घ्यायला इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं. म्हणजे ज्या देशात ट्रान्झिटला व्हिसा लागत नाही असं तुम्ही वाचलं, तिथेही प्रवेशाचा व्हिसा लागतो. पायरी 2 मधली यादी या नजरेने पुन्हा वाचा.

अमेरिकेत एकच तिकीट असलं तरी पहिल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून, कस्टम्स पार करून, पुन्हा जमा करावं लागतं आणि पुन्हा सुरक्षातपासणी होते. तिथे 3 तासांपेक्षा कमी वेळ घेऊ नका, साइट दीड तासाची जोडणी विकत असली तरी. शेंगेनमध्ये ऑक्टोबर 2025 पासून नवी प्रवेश-निर्गम यंत्रणा आली आहे. पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, त्यामुळे तिथेही तासभर जास्त धरा.

विमानतळाचं नाव वाचा, शहराचं नव्हे. टोकियोत हानेदा आणि नारिता, लंडनला हीथ्रो आणि गॅटविक, न्यूयॉर्कला जेएफके आणि नेवार्क, ब्यूनस आयर्सला एसेसा आणि एरोपार्के. जेएफकेला उतरून नेवार्कहून निघायचं म्हणजे अख्खं न्यूयॉर्क शहर आडवं ओलांडायचं. आपल्याकडेही आता हा प्रश्न आहे: डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. नागपूरहून येणारं विमान तिथे किंवा सांताक्रूझच्या टर्मिनल 1 ला उतरलं आणि परदेशी विमान सहारच्या टर्मिनल 2 हून असलं, तर मधलं अंतर रस्त्यानेच कापायचं आहे, आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही.

## 6. सामान: सगळ्यात कडक कंपनी धरून बांधा

बहुतेकांची समजूत असते की एक तिकीट म्हणजे सामानाचा एकच नियम. तसं नाही. सामानाचा नियम जमा करण्याच्या ठिकाणापासून परत घेण्याच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासाला लागतो. प्रत्येक मुक्कामानंतर तो नव्याने ठरतो आणि कंपनी बदलली की बदलू शकतो.

ई-तिकिटाच्या प्रतीवर प्रत्येक उड्डाणासमोर एक छोटा रकाना असतो. त्यात ‘1पीसी’ म्हणजे एक नग, ‘2पीसी’ म्हणजे दोन नग आणि ‘30के’ म्हणजे एकूण 30 किलो, नग कितीही. इकॉनॉमीत एक नग साधारण 23 किलोचा असतो. आता मेख पाहा: ‘30के’ वाल्या टप्प्यावर 30 किलोची एकच बॅग चालते, पुढच्या ‘1पीसी’ वाल्या टप्प्यावर त्याच बॅगेला जादा वजनाचा दंड बसतो. आणि 32 किलोच्या वरची बॅग दंड भरूनही बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

म्हणून मोजमाप असं ठेवा:

- जमा करायची एकच बॅग, 22 किलोच्या आत. लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर.
- हँडबॅग 7 किलोच्या आत आणि 55×35×20 सेंटिमीटरमध्ये बसणारी.
- एक हातकाटा. किलोभराचा फरक हॉटेलातच कळला पाहिजे.

एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स, एमिरेट्स आणि कॅथे इकॉनॉमीत हँडबॅग 7 किलो मानतात, लुफ्तान्सा 8, जपानी कंपन्या 10, तर ब्रिटिश एअरवेज 23 किलोपर्यंत जाते. लंडनहून निघताना भरलेली हँडबॅग हाँगकाँगला अडते ती यामुळेच. चाकांची कडक बॅग रिकामीच अडीच-तीन किलोची असते. 7 किलोच्या मर्यादेत मऊ पाठपिशवीच शहाणपणाची.

पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. वॅट-अवर काढायचं सूत्र: मिलीअँपिअर-अवरला 1,000 ने भागा आणि 3.7 ने गुणा. 20,000 म्हणजे 74 वॅट-अवर, चालते. 27,000 म्हणजे जवळजवळ 100, आणि 100 च्या वर कंपनीची परवानगी लागते. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल 2025 पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर 2025 पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केली. एमिरेट्सवर माणशी एकच नेता येते. छापलेली क्षमता पुसली गेली असेल तर सुरक्षातपासणीत ती काढून घेतात. चीनच्या देशांतर्गत उड्डाणांना तर चिनी प्रमाणनाचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालतच नाही.

खाण्याच्या पिशवीकडे वेगळं लक्ष द्या. सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून जमा करायच्या बॅगेत ते चालत नाही. मुंबईत स्कॅनरवर अशा बॅगा बाजूला काढून उघडायला लावतात. खसखस दुबईत अमली पदार्थात मोडते. मसाल्याच्या डब्यात चमचाभर राहिली असेल तरी काढा. तूप, लोणचं, ओली चटणी हँडबॅगेत द्रवात धरतात, 100 मिलिलिटरचा नियम लागू. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात खायचं काहीही असलं तरी अर्जावर ‘हो’ लिहा; भाकरवडी, चिवडा, चहापत्ती, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून देतात. लपवलेल्या सफरचंदाला न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड आहे, आणि ते सफरचंद बहुतेकदा आधीच्या विमानातच मिळालेलं असतं.

औषधांचं डॉक्टरी पत्र इंग्रजीत हवं. सर्दीच्या गोळ्यांत 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असेल तर जपानमध्ये त्या नेता येत नाहीत. कोडीन असलेली खोकल्याची औषधं आखातात अडचणीची ठरतात.

## 7. तिकीट हातात आल्यावर त्याच दिवशी

अ. तिकीट क्रमांक तपासा. तो 13 अंकी असतो आणि पहिले तीन अंक तिकीट काढणाऱ्या कंपनीचे: 098 एअर इंडिया, 125 ब्रिटिश एअरवेज, 160 कॅथे, 618 सिंगापूर एअरलाइन्स. बदल करायचा असेल तर याच कंपनीला फोन करायचा, ज्या विमानात बसणार तिला नव्हे. एका तिकिटात चारच कूपन (एका उड्डाणाला एक) मावतात, म्हणून 13 उड्डाणांना चार सलग क्रमांक मिळतात. काउंटरवर ‘तिकीट दिसत नाही’ असं ऐकू आलं तर पुढचा क्रमांक सांगा. बहुतेकदा ते पहिल्याच क्रमांकात शोधत असतात.

आ. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा पीएनआर मागून घ्या. तुमच्याकडचा सहा अक्षरांचा पीएनआर तिकीट काढणाऱ्या कंपनीचा असतो, तो जपान एअरलाइन्सच्या साइटवर चालेलच असं नाही.

इ. ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक अक्षरांतली ओळ वाचा. एका कंपनीच्या क्रमांकाचं विमान दुसरीच कंपनी उडवत असेल तर टर्मिनल आणि चेक-इन तिचं.

ई. जेवण सांगा, प्रत्येक उड्डाणाला वेगळं. इथे शाकाहारी मंडळी हमखास फसतात: ‘हिंदू मील’ शाकाहारी नसतं. त्यात चिकन, मासे, मटण येतं, गोमांस नसतं. शाकाहारी भारतीय जेवणाला ‘एशियन व्हेजिटेरियन’, म्हणजे एव्हीएमएल. जैन जेवणाला व्हीजेएमएल. ‘लॅक्टो-ओव्हो’मध्ये अंडं असतं. उपवासाच्या थाळीला कोड नाही, फळांच्या थाळीला आहे: एफपीएमएल. मागणी 24 ते 48 तास आधी नोंदलेली असावी लागते.

तपासणी: बुकिंग ‘कन्फर्म्ड’ असणं आणि तिकीट निघालेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र पाहा.

## 8. प्रवासात, प्रत्येक उड्डाणाच्या 72 तास आधी

मोठ्या तिकिटांचं सगळ्यात महागडं दुखणं वेळापत्रक बदलण्यातून येतं. एखादी कंपनी उड्डाणाची वेळ किंवा क्रमांक बदलते, नवं आरक्षण आपोआप होतं, पण तिकीट मात्र जुन्याच उड्डाणाला जोडलेलं राहतं. साइटवर सगळं हिरवं दिसतं. काउंटरवर आरक्षण सापडतं, तिकीट जुळत नाही, आणि तुम्हाला बाजूला उभं करतात. म्हणून वेळ बदलल्याचा मेल आला की तिकीट काढणाऱ्या कंपनीकडून किंवा एजंटकडून तिकीट पुन्हा जारी करून घ्या आणि नवी प्रत मागा. पाच मिनिटांचा बदल असला तरी विचारा.

तीन दिवस आधी आरक्षण उघडून इतकं पाहा: वेळ आणि टर्मिनल, सीट, जेवणाचा कोड, पासपोर्टची माहिती. उड्डाण बदललं की सीट आणि जेवण गळून पडतं, आणि ते कुणी कळवत नाही.

चेक-इन उडवणाऱ्या कंपनीच्या साइटवर करा. पुढच्या देशातून बाहेर पडण्याच्या तिकिटाची प्रत कागदावर ठेवा. सुटी तिकिटं असतील तर ‘परतीचं तिकीट दाखवा’ हा प्रश्न प्रत्येक काउंटरवर येतो, कारण प्रवाशाला परत पाठवायची वेळ आली तर खर्च आणि दंड कंपनीवर येतो. मध्ये स्वस्त कंपनी घुसवली असेल तर तिचे नियम वेगळे वाचा. रायनएअर नोव्हेंबर 2025 पासून फक्त मोबाइलवरचा बोर्डिंग पास घेते, आणि युरोपाबाहेरच्या पासपोर्टधारकांनी काउंटरवर कागदपत्रं दाखवून घ्यावी लागतात. ती रांग वेळेत धरा.

## 9. बिघडलं तर कुणाकडे आणि किती दिवसांत

बॅग आली नाही किंवा फुटली, तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर पीआयआर अहवाल, म्हणजे सामानाच्या तक्रारीची नोंद, करून घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नका. तक्रार शेवटच्या उड्डाणाच्या कंपनीकडे, आधीच्या चौघींनी हरवली असली तरी. मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार 7 दिवसांत द्यायची. उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हातात आल्यापासून 21 दिवस मिळतात, आणि 21 दिवसांत न आलेली बॅग हरवलेली मानतात. भरपाईची कमाल मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून माणशी 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. तेवढं मिळतंच असं नाही, बिलं लागतात.

विमानाच्या उशिराची भरपाई कुठून निघालात आणि कुणाच्या विमानाने, यावर ठरते. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना लुफ्तान्सा असो की एअर इंडिया, युरोपचा नियम दोघींना लागतो: 3,500 किलोमीटरच्या वर आणि तीन तासांहून जास्त उशीर, दोष कंपनीचा, तर 600 युरोपर्यंत. मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना तो फक्त लुफ्तान्साला लागतो. सुट्या तिकिटांवर प्रत्येक उड्डाण स्वतंत्र मोजतात. पहिलं एक तास उशिरा आल्याने दुसरं बुडालं, तर या नियमाखाली काहीच मिळत नाही.

बोर्डिंग पास, मोबाइलवरचे असले तर त्यांचे स्क्रीनशॉट, मैल (उड्डाणांवर कंपन्या देतात ते गुण) खात्यात जमा होईपर्यंत पुसू नका. मैल सगळ्या उड्डाणांचे एकाच खात्यात घ्या. एका संघातल्या कोणत्याही कंपनीच्या खात्यात ते जमा होऊ शकतात, मात्र तिकिटाच्या बुकिंग क्लासला, म्हणजे भाड्याच्या प्रकाराला, किती टक्के मिळतात हे खातं निवडण्याआधी पाहा. सुटलेल्या टप्प्याचे मैल मागायची मुदत बहुतेक कंपन्यांत काही महिन्यांचीच असते, आणि वर्षभराच्या प्रवासात पहिल्या टप्प्याची मुदत घरी पोचायच्या आतच संपते. ते काम वाटेतच उरका.